सॅक सगळ्यात शेवटी घ्या : डे-पॅक निवडण्याची नवख्यांसाठी वाट

माझी पहिली सॅक ४० लिटरची होती, आणि घेतली होती एका दिवसाच्या चालीसाठी. दुकानात रिकामीच पाठीला लावली, आरशात बरी दिसली, घेतली. तिच्यात काय भरायचं याचा विचार घरी आल्यावर सुरू झाला. रिकामा कप्पा दिसला की हात स्वस्थ बसत नाही. एक जास्तीचा स्वेटर गेला, एक जाडजूड पुस्तक गेलं, ‘असू दे, लागेल’ म्हणत चपलांचा जोड गेला. दुपारपर्यंत खांदे भरून आले होते. पुस्तक अर्थातच उघडलं नाही.

तेव्हापासून कुणी ‘सॅक कुठली घेऊ?’ असं विचारलं की मी उलट विचारते, ‘नेणार काय काय आहेस?’ सामान आधी ठरतं, त्यावरून आकार ठरतो, आकारावरून सॅक ठरते. हा क्रम उलटा केला की सॅकच तुम्हाला ओझं उचलायला लावते.

डे-पॅक दोन कामांसाठी लागतो. एक, सकाळी निघून संध्याकाळी परत येण्याच्या चालीसाठी. दोन, अनेक दिवसांच्या ट्रेकमध्ये मोठी सॅक तळावर ठेवून जवळच्या शिखरावर किंवा तळ्यापर्यंत फेरी मारून येण्यासाठी. वरवर दोन्ही गरजा सारख्या वाटतात, पण एकीसाठी उत्तम असलेली सॅक दुसरीला बहुधा चालत नाही. आधी पहिलीचं पाहू. दुसरीवर पुढे सविस्तर लिहिलं आहे.

पायरी १ : जमिनीवर ढीग मांडा

एका दिवसात जे जे न्यायचं ते सगळं खोलीत जमिनीवर काढून ठेवा. काय न्यायचं हेच कळत नसेल तर सिअ‍ॅटलच्या ‘द माउंटेनियर्स’ या गिर्यारोहण संस्थेने १९३० च्या दशकात केलेली दहा आवश्यक गोष्टींची यादी आजही उपयोगी पडते. तिचं आजचं रूप साधारण असं आहे : नकाशा आणि होकायंत्र, डोक्याला लावायची बॅटरी, उन्हापासून बचावाचं सामान, प्रथमोपचार, चाकू आणि किरकोळ दुरुस्तीचं साहित्य, आग पेटवायची सोय, अंगावर ओढायला आपत्कालीन पांघरूण, जास्तीचं खाणं, जास्तीचं पाणी, जास्तीचे कपडे. बॅटरी दिवसाच्या चालीला कशाला, असं वाटेल. पण एखाद्याचा पाय मुरगळला की परतीचा वेग निम्म्यावर येतो आणि अंधार काही थांबत नाही.

आता ढिगाचं वजन करा. सगळ्यात जड निघेल पाणी, कारण १ लिटर पाणी म्हणजे १ किलो आणि त्यात काटछाट होत नाही. मध्यम हवेत, मध्यम वेगाने चालताना ताशी अर्धा लिटर हा ढोबळ हिशेब धरतात. ऊन कडक असेल किंवा चढ मोठा असेल तर जास्त. सहा तासांची चाल असेल आणि वाटेत पाणी मिळणार नसेल तर ३ किलो नुसतं पाणीच झालं. बाकीचं सामान दोन-अडीच किलो. म्हणजे सॅकच्या स्वतःच्या वजनासह पाच ते सात किलोंची गोष्ट आहे. दिवसभराच्या सॅकचं वजन शरीराच्या वजनाच्या एक दशांशापर्यंत असावं असा एक सर्वसाधारण ठोकताळा आहे. ६० किलोच्या माणसाला ६ किलो. थोडं इकडे-तिकडे चालतं, पण आकडा १० किलोंकडे सरकायला लागला तर ढिगात काहीतरी फालतू आहे हे नक्की.

नंतर तोच ढीग एका पुठ्ठ्याच्या खोक्यात नीट रचा. खोक्याची लांबी, रुंदी आणि सामान जिथवर आलं ती उंची सेंटिमीटरमध्ये मोजा, तिन्हींचा गुणाकार करा आणि १,००० ने भागा. आलेला आकडा म्हणजे लिटर. ३० × ३० × २० चं खोकं भरलं तर ते १८ लिटर. यात दोन-तीन लिटर मोकळी जागा मिळवा, कारण सकाळी अंगात असलेलं जॅकेट दुपारी सॅकमध्ये जाणार असतं. हे दहा मिनिटांचं काम आहे आणि सॅकच्या जाहिरातींपेक्षा जास्त खरं सांगतं.

पायरी २ : लिटरचा आकडा

बहुतेकांचा हिशेब १८ ते २५ लिटरमध्ये येतो. दोन-तीन तासांची उन्हाळी फेरी असेल तर १० ते १५ लिटर भरपूर. थंडीत जाड कपडे नेणारे, कॅमेऱ्याचं सामान बाळगणारे किंवा लहान मुलांचंही सामान स्वतःच उचलणारे यांना २८ ते ३५ लागतात. एकच सॅक घ्यायची असेल तर माझं मत २२ ते २५ च्या बाजूने आहे, मात्र तिला दोन्ही कडांना दाबपट्टे हवेत. हे पट्टे ओढले की अर्धी भरलेली सॅक पाठीला चिकटून राहते आणि आतलं सामान डुचमळत नाही. मोठी सॅक आवळून लहान करता येते, लहान सॅक ताणून मोठी करता येत नाही. पण या वाक्याचा आधार घेऊन ४० लिटरची घ्यायची नाही. ते मी करून बसले आहे.

लेबलवरचा आकडाही डोळे झाकून मानू नका. आकारमान मोजण्याची एक प्रमाणित पद्धत आहे. तिच्यात प्लास्टिकच्या छोट्या गोळ्या सॅकमध्ये ओतून भरतात आणि किती मावल्या ते मोजतात. पण सगळेच उत्पादक एकाच पद्धतीने मोजत नाहीत. कुणी बाहेरचे जाळीचे खिसे धरतं, कुणी धरत नाही. त्यामुळे दोन कंपन्यांच्या ‘२२ लिटर’ सॅक शेजारी ठेवल्या तर एक थोरली आणि एक धाकटी दिसू शकते. ढीग सोबत नेऊन प्रत्यक्ष भरून पाहणं हाच उपाय.

पायरी ३ : पाठ मोजा, उंची नव्हे

इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण नवखे लोक याच पायरीला टांग मारतात.

माझी उंची बऱ्यापैकी आहे, पण ती सगळी पायांत आहे. पाठ आखूड. अनेक वर्षं मी उंचीकडे पाहून मोठ्या मापाच्या सॅक घेत राहिले आणि ‘आपले खांदेच कच्चे’ अशी स्वतःची समजूत घालत राहिले. एकदा मैत्रिणीने टेप घेऊन पाठ मोजली तेव्हा खांद्यांचा दोष नव्हता हे कळलं.

पाठ मोजायची ती अशी. मान पुढे झुकवा. मानेच्या बुडाशी एक हाड वर येतं, ते बोटाला लागेल. तो मानेचा सातवा मणका. तिथे टेपचं एक टोक धरायचं. मग दोन्ही हात कंबरेवर ठेवा, अंगठे मागच्या बाजूला आणि बाकीची बोटं पुढे. हात थोडे दाबले की खुब्याच्या हाडाची वरची कड लागते. दोन अंगठ्यांना जोडणारी रेघ पाठीच्या कण्यावर जिथे येते तिथवर दुसरं टोक. मधलं अंतर म्हणजे तुमच्या पाठीची लांबी. एकट्याने नीट मोजता येत नाही, कुणाला तरी हाताशी घ्या. मऊ टेप नसेल तर दोरी लावा आणि नंतर पट्टीवर मोजा.

हे माप सॅकच्या तक्त्याशी ताडून पाहा. सॅक पाठीपेक्षा लांब असेल तर ती ढुंगणावर टेकते, खांद्यांवर पट्ट्यांखाली पोकळी राहते आणि सगळं वजन मागे ओढतं. आखूड असेल तर कंबरपट्टा पोटावर चढतो आणि श्वास घेताना कळतं. लहान डे-पॅक बरेचदा एकाच मापात येतात. तिथे निवड नसते, बसतो किंवा बसत नाही. २० लिटरच्या वरच्या काही सॅक दोन मापांत किंवा सरकत्या पाठीसह, म्हणजे पाठीची लांबी कमी-जास्त करता येईल अशा, मिळतात. तुमचं माप दोन आकड्यांच्या सीमेवर असेल तर सरकती पाठ घ्या.

बायकांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या सॅकमध्ये पाठ आखूड असते, खांद्याचे पट्टे छातीशेजारून वळसा घेतील असे वाकवलेले असतात आणि कंबरपट्टा खुब्याच्या उताराला धरून तिरका असतो. पाठ आखूड असलेल्या पुरुषालाही ही सॅक छान बसू शकते, आणि रुंद खांद्यांच्या बाईला दुसरी. लेबलवरच्या शब्दाकडे पाहू नका.

आता कंबरपट्ट्याबद्दल. डिक केल्टी या अमेरिकी माणसाने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीच्या सॅक विकायला सुरुवात केली, त्यांनी वजन खांद्यांवरून कंबरेवर नेण्याची कल्पना घरोघरी पोचवली. आज बहुतेक सॅकना कंबरपट्टा असतो, पण सगळे पट्टे एकाच कामाचे नसतात. नुसती दोन बोटं रुंद नाडी असेल तर ती सॅकचं हेलकावणं थांबवते, वजन घेत नाही. गादी भरलेला रुंद पट्टा वजन घेतो, पण सॅकच्या पाठीत ताठपणा असेल तरच. आत प्लास्टिकची पाटी, तारेची चौकट किंवा अ‍ॅल्युमिनियमची पट्टी नसेल तर सॅक मधोमध बसकण मारते आणि सगळा भार पुन्हा खांद्यांवर येतो. जाड पट्टा आणि लुळी पाठ ही जोडी दिसली तर ती शोभेची समजा.

मला स्वतःला पाच किलोंपर्यंत कंबरपट्ट्याची आठवणही होत नाही. सहा-सात किलोंच्या पुढे तो नसेल तर दुपारनंतर मान बोलायला लागते.

पायरी ४ : पाठीला वारा हवा की भार जवळ हवा

सॅकच्या पाठीचे दोन मुख्य प्रकार दिसतील. एकात फोमच्या गाद्या असतात, मध्ये पन्हाळ, आणि सॅक पाठीला चिकटून बसते. दुसऱ्यात चौकटीवर जाळी ताणलेली असते, बाजेसारखी, आणि जाळी व सॅक यांच्यामध्ये हवा खेळते. डॉयटर या जर्मन कंपनीने १९८४ मध्ये ही जाळीची पाठ आणली, नंतर सगळीकडे तिची रूपं निघाली.

जाळीने पाठीचा घाम कमी होतो, यात वाद नाही. पण चौकट वक्र असते, तिचा फुगवटा सॅकच्या आत येतो. त्यामुळे आतली जागा केळ्याच्या आकाराची होते आणि पाण्याची भरलेली पिशवी किंवा चौकोनी डबा घालताना कसरत करावी लागते. शिवाय भार पाठीपासून काही सेंटिमीटर लांब जातो. सपाट वाटेवर हे जाणवत नाही. कातळावर हात लावून चढताना किंवा दगडांवरून उड्या मारताना मात्र सॅक मागे ओढते. वाटा रुळलेल्या आणि हवा गरम असेल तर जाळी, खडकाळ चढाईची सवय असेल तर फोम. घाम तर तसाही येणारच, मी फोमवाली आहे.

पायरी ५ : तोंड आणि खिसे

वरून उघडणाऱ्या सॅकला दोरी आवळायची असते किंवा तोंडाची गुंडाळी करायची असते. मोडण्यासारखं काही नसतं, पण तळाशी गेलेली जखमेवरची पट्टी शोधायला सगळं बाहेर काढावं लागतं. चेनने अर्धगोल उघडणाऱ्या सॅकमध्ये सगळं एका नजरेत दिसतं. चेन मात्र बिघडू शकते, आणि बिघडते ती नेमकी सॅक ठासून भरलेली असताना. नवख्यांना मी चेनवाली सुचवते, कारण काय कुठे ठेवायचं याची शिस्त अजून हाताला लागलेली नसते.

कप्पे थोडे असू द्या. आठ खिशांची सॅक म्हणजे किल्ली आठ वेळा शोधणं. मुख्य पोट, वर एक छोटा खिसा, बाजूंना दोन ताणले जाणारे खिसे आणि पुढे ओलं जॅकेट कोंबायला एक जाळी एवढं पुरतं.

बाजूच्या खिशाची परीक्षा मात्र दुकानातच घ्या. सॅक पाठीवर असतानाच हात मागे नेऊन बाटली काढायची आणि परत ठेवायची. काढणं बहुतेकांना जमतं, ठेवणं अवघड. जमत नसेल तर काय होतं ते सांगते : बाटली काढायला थांबावं लागतं, थांबायचा कंटाळा येतो, पाणी पिणं लांबत जातं आणि दुपारी डोकं ठणकतं. सॅक पूर्ण भरल्यावर हा खिसा आतून दाबला जाऊन अरुंद होतो, म्हणून परीक्षा भरलेल्या सॅकवर घ्यायची.

दुसरा पर्याय नळीची पाणपिशवी. तिची एक मजेदार गोष्ट आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस टेक्सासमधल्या कडक उन्हातल्या १०० मैलांच्या सायकल शर्यतीत मायकल आयडसन यांनी सलाइनची पिशवी पाण्याने भरली, लांब मोज्यात घातली, शर्टाच्या पाठीला अडकवली आणि नळी खांद्यावरून पुढे घेतली. ते रुग्णवाहिकेवर काम करायचे, त्यामुळे पिशवी हाताशी होती. त्यातूनच पुढे ‘कॅमलबॅक’ ही पाणपिशव्यांची कंपनी उभी राहिली. चालता चालता घोट घेता येतो हा पिशवीचा मोठा गुण. तोटे दोन : किती पाणी उरलंय ते दिसत नाही, आणि कडाक्याच्या थंडीत नळीतलं पाणी आधी गोठतं. धुणं-वाळवणंही किचकट. मी पिशवीत दोन लिटर आणि बाजूच्या खिशात एक लिटरची बाटली नेते. नळीतून सूं आवाज आला की बाटलीवर यायचं आणि परतीचा विचार सुरू करायचा. पिशवी न्यायची असेल तर सॅकमध्ये तिच्यासाठी पाठीलगत वेगळा कप्पा, वर अडकवायला बक्कल आणि नळी बाहेर काढायला भोक आहे ना, ते पाहा.

पायरी ६ : कापड, चेन आणि पाऊस

लेबलवर २१०डी, ४२०डी असं काहीतरी लिहिलेलं असतं. हा डेनिअर, म्हणजे ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. २१० डेनिअरचा नऊ किलोमीटर धागा २१० ग्रॅम भरतो. आकडा मोठा तेवढा धागा जाड, कापड दणकट आणि सॅक जड. रुळलेल्या वाटांना २१० च्या आसपासचं कापड पुरतं. खडकांवर घासत जाणाऱ्यांनी बूड तरी त्याहून जाड घ्यावं. काही कापडांत ठरावीक अंतरावर जाड धाग्यांची चौकड दिसते, ते रिपस्टॉप. भोक पडलं तरी फाटत जात नाही, पुढच्या जाड धाग्याशी थांबतं. नायलॉन घासण्याला चिवट, पॉलिएस्टर उन्हात जास्त टिकतं. या दोहोंवरून रात्रीची झोप घालवू नका. शिवण जास्त महत्त्वाची. खांद्याचे पट्टे सॅकला जिथे जोडले आहेत तिथे दाट, आडवी-उभी टीप असायला हवी. सुटलेला एकही धागा दिसला तर दुसरी सॅक बघा.

चेनच्या धावकावर, म्हणजे पुढे-मागे सरकणाऱ्या तुकड्यावर, मागे ५, ८ किंवा १० असा आकडा कोरलेला असतो. बंद दातांची मिलिमीटरमधली रुंदी म्हणून तो ढोबळपणे वाचता येतो. मुख्य तोंडाला ८ किंवा १० असेल तर उत्तम, खिशांना ५ चालते.

‘वॉटरप्रूफ’ या शब्दाला भुलू नका. कापडाच्या आतल्या बाजूला पाणीरोधक लेप असतो, पण पाणी शिवणीतून आणि चेनमधून आत येतं. पावसाची टोपडी मिळते, ती बाहेरून झाकते. मात्र पाठीची बाजू उघडीच राहते आणि मानेवरून ओघळलेलं पाणी तिथूनच सॅकमध्ये शिरतं. वारा आला की टोपडी उडते, झाडाझुडपांत अडकते. त्यापेक्षा आत एक मोठी जाड प्लास्टिकची पिशवी घाला, सगळं सामान तिच्यात भरा आणि तोंडाला पीळ देऊन दुमडा. सॅक भिजू दे, सामान कोरडं राहतं. दिसायला गबाळं आहे, पण मुसळधार पावसातून चालून आल्यावर कोरडे मोजे काढताना कुणी दिसण्याचा विचार करत नाही.

पायरी ७ : भरून, घालून, चालून

दुकानात जाताना घरचा ढीग सोबत न्या. ते जमणार नसेल तर पाण्याच्या बाटल्या आणि जॅकेट तरी. रिकामी सॅक कुणालाही छान बसते. जड वस्तू पाठीलगत, खांद्याच्या फऱ्यांच्या पातळीवर येतील अशा भरा. मग :

१. सगळे पट्टे ढिले सोडा आणि सॅक पाठीवर घ्या.

२. कंबरपट्टा खुब्याच्या हाडाच्या कडेवर आणून आवळा. पोटावर नको.

३. खांद्याचे पट्टे ओढा, फक्त सॅक पाठीला टेकेल इतकेच. खांद्यावर पोकळी नको आणि करकचून दाबही नको.

४. पट्ट्याच्या वरच्या टोकाला सॅककडे जाणारी छोटी पट्टी असेल तर ती हलकीच ताणा, सॅकचा माथा जवळ येईल.

५. छातीचा पट्टा गळ्याच्या हाडाच्या चार बोटं खाली लावा. खोल श्वास घेऊन पाहा.

या छातीच्या पट्ट्याच्या बक्कलात कित्येकदा शिट्टी असते, आणि माणसं वर्षानुवर्षं सॅक वापरूनही ती पाहत नाहीत. अडचणीत असल्याची खूण म्हणून बऱ्याच ठिकाणी तीन शिट्ट्या देतात. आल्प्समध्ये मिनिटाला सहा, मग मिनिटभर थांबून पुन्हा सहा.

आता दुकानात पंधरा-वीस मिनिटं फिरा. जिना असेल तर चढा-उतरा. मान वर करून छताकडे पाहा, डोकं सॅकला आपटतं का? हात जोरात पुढे-मागे हलवा, काखेत पट्टा घासतो का? खाली वाकून बुटाची नाडी बांधा, सॅक डोक्यावर येते का? पहिल्या पाच मिनिटांत काखेत जे नुसतं खुपतं ते पाचव्या तासाला सोलतं. विक्रेत्याला अवघडल्यासारखं होईल, होऊ दे.

पायरी ८ : तळावरून निघणाऱ्या फेरीची सॅक

आता दुसरी गरज. समजा तुमचा आठ दिवसांचा ट्रेक आहे आणि त्यात दोनदा तळावर सामान ठेवून शिखरावर जाऊन यायचं आहे. म्हणजे ही छोटी सॅक दोन दिवस काम करणार आणि सहा दिवस नुसतं सामान म्हणून मोठ्या सॅकमध्ये बसून राहणार. घरची २२ लिटरची ताठ पाठीची सॅक ८०० ग्रॅम ते १ किलोची असते आणि घडी होत नाही. ती आठ दिवस वाहून न्यायची? इथे गणितच बदलतं. आराम मागे पडतो, वजन आणि घडी पुढे येतात.

पहिला पर्याय, आणि लोक हाच विसरतात : वेगळी सॅक नेऊच नका. मोठी सॅक तंबूत रिकामी करा, दाबपट्टे पूर्ण आवळा आणि तीच न्या. ती तुमच्या पाठीला बसलेली आहे, कंबरपट्टा खरा आहे, वजन वाढत नाही. सॅक ५०-५५ लिटरची असेपर्यंत हे छान जमतं. त्याहून मोठी असेल तर रिकाम्या गोणीसारखी फडफडते.

दुसरा, काही मोठ्या सॅकचं झाकण सुटं होऊन कंबरेचा बटवा किंवा छोटी पाठपिशवी होते. तुमच्या सॅकला ही सोय आहे का हे आधी घरी करून पाहा. तळावर अंधारात बक्कलांशी झटापट करू नका. यात एक बाटली, जॅकेट आणि थोडं खाणं मावतं. पाण्याजवळच्या तासाभराच्या फेरीला ठीक, मोठ्या शिखराला अपुरं.

तिसरा, मुठीएवढी घडी होणारी पातळ सॅक. १५ ते २० लिटरची, वजन ७० ते १५० ग्रॅमच्या आसपास. मला हीच आवडते, पण तिच्या मर्यादा माहीत हव्यात. पाठीला काही नसतं, पट्टे म्हणजे नुसत्या फिती. तीन-चार किलोंच्या वर भरली की फिती खांद्यात रुततात आणि बाटलीचं बूड कण्याला टोचतं. उपाय सोपा आहे. बसायला घेतो तो फोमचा तुकडा पाठीच्या बाजूला घाला, लगेच ताठपणा येतो. तो नसेल तर जॅकेटची सपाट घडी. बाकीचे सहा दिवस ही सॅक मोकळी ठेवायची नाही, तिच्यात कपडे भरून मोठ्या सॅकमध्ये ठेवा. कपड्यांच्या पिशवीचं वजन वाचलं. घेताना एवढंच पाहा की पट्टे सपाट फितीचे आहेत, गोल दोरीचे नाहीत, आणि एक तरी बाहेरचा खिसा आहे.

चौथा पर्याय ३०० ते ४५० ग्रॅमच्या, पातळ फोमची पाठ असलेल्या शिखर-सॅकचा. फेरी आठ-दहा तासांची असेल, दोर किंवा बर्फाची कुऱ्हाड न्यायची असेल तर तीच. एरवी ती ना धड हलकी, ना धड आरामशीर.

सॅक कोणतीही असो, फेरीला निघताना एक चूक हमखास होते. मोठी सॅक पाठीवरून उतरली की इतकं हलकं वाटतं की माणूस बाटली हातात धरून तसाच चालू पडतो. मीही गेले आहे. ‘तासाभरात येऊ’ म्हणून निघालो, वर ढग उतरले, वाट दिसेना. जॅकेट, बॅटरी आणि नकाशा तिघंही खाली सॅकमध्ये सुखरूप होते. आम्ही भिजत, चाचपडत उतरलो, तीन तास लागले. फेरी छोटी असली तरी उबेचा एक थर, पावसाचं जॅकेट, बॅटरी, नकाशा, प्रथमोपचार, पाणी आणि खाणं हे सोबत असायलाच हवं. म्हणून फेरीच्या सॅकचा किमान आकार यांच्या ढिगावरून ठरवा. १२ लिटरच्या खाली हे सगळं बसवणं कठीण जातं. पैसे, ओळखपत्रं आणि रोजची औषधंही अंगावर ठेवा.

मागे ठेवलेल्या सॅकचंही थोडं. तिच्यात किंवा तंबूत खाणं ठेवू नका. अस्वलांच्या प्रदेशात त्यासाठी मजबूत डबे वापरायचे नियम असतात, ते पाळा. इतर ठिकाणी उंदीर-खारी कापड कुरतडून आत शिरतात. खाणं काढून घेतल्यावर खिशांच्या चेनी उघड्या सोडणारे बरेचजण आहेत : प्राणी डोकावतो, काही मिळत नाही, कुरतडण्याची तसदी न घेता जातो. वाटेच्या फाट्यावर सॅक ठेवत असाल तर जागेचा फोटो काढा आणि फोनमध्ये ठिकाण नोंदवा. धुक्यात सगळी झुडपं सारखीच दिसतात.

जुनी सॅक आणि देखभाल

वापरलेली सॅक घ्यायला हरकत नाही. तिच्या आत हात फिरवा आणि वास घ्या. लेप चिकट झाला असेल, पापुद्रे निघत असतील किंवा आंबूस वास येत असेल तर ती सोडा. दमट जागी पडून राहिल्याने लेप विरघळत गेलेला असतो, तो दुरुस्त होत नाही. मोडकं बक्कल मात्र सहज बदलता येतं, त्यावरून किंमत पाडून मागा. सगळ्या चेनी दोन-तीनदा पुढे-मागे करा. धावक गेल्यावर दात मागे उघडे राहत असतील तर बहुतेकदा धावक झिजलेला असतो, तोही बदलता येतो.

धुणं वॉशिंग मशीनमध्ये नको. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश, आणि सावलीत उलटी टांगून वाळवणं. चेनच्या दातांतली माती जुन्या टूथब्रशने काढत जा, धावकाचा झिजण्याचा वेग त्या मातीवर असतो.

नवी सॅक घरी आणलीत की पहिल्याच रविवारी डोंगरावर नेऊ नका. ढीग भरा, पाठीला लावा आणि घरातच तासभर कामं करा : केर काढा, जिना चढा, फोनवर बोला. तासाभराने खांदे, काखा आणि कंबर काय म्हणतात ते ऐका. बदलून घ्यायची वेळ आली तर सॅक कोरी आणि पावती जवळ असलेली बरी, तोवर टॅग कापू नका.